बुजवू नये असे भोक

मनगटी घड्याळाच्या केसला, म्हणजे धातूच्या कवचाला, चार लग असतात, म्हणजे बाहेर आलेले कान, वर दोन आणि खाली दोन. पट्टा किंवा स्टीलची चेन त्यांच्या मध्ये बसते आणि तिला धरून ठेवते ती एक बारीक पिन, म्हणजे स्प्रिंगबार. नळीच्या पोटात स्प्रिंग आणि दोन्ही टोकांना आतबाहेर होणारे कोंब. कोंब दाबले की पिन सुटते, सोडले की ते लगच्या आतल्या अंगाला असलेल्या भोकात जाऊन बसतात. रोलेक्स सबमरीनरच्या गेल्या काही दशकांतल्या बहुतेक मॉडेलांत दोन लगांमधले अंतर २० मिलिमीटर, पिनेचे अंग सुमारे २ मिलिमीटर जाड आणि टोकाचा कोंब सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो. लाखो रुपयांचे घड्याळ मनगटावर राहते ते असल्या चार कोंबांच्या भरवशावर. हे भोक लगच्या आत अर्ध्यावर थांबवायचे की आरपार बाहेर काढायचे, हा खरे तर यंत्रशाळेतला प्रश्न. पण महागड्या घड्याळांच्या जगात त्याने दोन तट पाडले आहेत. काहींना बाहेरून दिसणारे ते चार ठिपके खुपतात. ते लेसर वेल्डिंगने भोके बुजवून घेतात. काहींना भोके नसल्याचाच त्रास होतो. ते नवी केस ड्रिल करून घेतात. हे दोन फेरफार एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत, म्हणून दोन्ही सारखेच बरे किंवा सारखेच वाईट, असे सहज मानले जाते. ते मला पटत नाही. जुन्या घड्याळाचे आरपार भोक बुजवणे हा दोहोंतला कितीतरी अधिक नुकसान करणारा फेरफार आहे. भोकाचा उपयोग हे त्याचे एक कारण. त्याहून मोठे कारण असे की त्या भोकाच्या काठावर घड्याळाचा इतिहास उमटलेला असतो.

आधी भोक आले कुठून ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मनगटी घड्याळे म्हणजे बरेचदा खिशातल्या घड्याळाच्या केसला तारेच्या दोन कड्या डाख देऊन जोडलेल्या. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांत सैनिकांनी वापरली ती बहुतांशी अशीच. कडी पक्की असल्याने पट्टा तिच्यातून ओवावा लागे किंवा तिच्याभोवती गुंडाळून शिवावा लागे. पुढे केसच्याच धातूतून घडवलेले लग आले, सुटी पिन आली आणि पिनेसाठी भोक आले. भोक पाडायची सर्वांत सरळ रीत म्हणजे बाहेरून ड्रिल घालून लग पार करणे. अर्धवट भोक आतून पाडायचे तर समोरचा लग आडवा येतो. तिथे वेगळे हत्यार आणि वेगळी मांडणी लागते. आरपार भोक हे अशा रीतीने कामाच्या सोयीतून आले आणि वापरणाऱ्याच्याही सोयीचे ठरले. बाहेरून बारीक टोकाने कोंब दाबला की पिन सुटली. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ चित्रपटात शॉन कॉनरीच्या मनगटावरच्या सबमरीनरला जो पट्टेरी कापडी पट्टा आहे, तो लगांच्या मानाने इतका अरुंद आहे की मधली पिन उघडी पडलेली दिसते. चेन काढून हाताशी असेल तो पट्टा लावावा, इतकी ती बाब तेव्हा साधी होती.

लष्कराने मात्र सुट्या पिनेवर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिश लष्करासाठी बारा स्विस कंपन्यांनी जी घड्याळे बनवली, त्यांच्या लगांमध्ये पक्क्या दांड्या होत्या. १९७० च्या दशकात ब्रिटिश संरक्षण खात्याने घेतलेल्या सबमरीनरवरही, ज्यांना संग्राहक ‘मिलसब’ म्हणतात, पिनेच्या जागी दांडी पक्की बसवलेली असे. अशा दांडीवर चेन चढत नाही. एकसलग नायलॉनचा पट्टाच घालता येतो आणि त्याची लष्करी प्रमाणरचना १९७३ ची आहे. तो पट्टा दोन्ही दांड्यांतून आणि केसच्या पाठीमागून जातो, त्यामुळे एक बाजू निकामी झाली तरी घड्याळ पाण्यात पडत नाही. लग आणि पिन यांच्यातला हा छोटासा सांधा घड्याळाचे काम बदलले की बदलत गेला. म्हणूनच घड्याळ कोणाचे होते, कशासाठी होते, हे त्या सांध्यावरून वाचता येते.

रोलेक्सने आरपार भोके सोडली ती एका फटक्यात नव्हे. डेटजस्टसारख्या रोजच्या वापराच्या घड्याळांवरून ती १९९० च्या दशकात गेली. डायव्हर आणि जीएमटी घड्याळांवर ती २००० नंतरही काही वर्षे दिसतात, आणि बिनतारखेच्या सबमरीनरवर तर आणखी थोडी पुढे. १६६१० क्रमांकाची सबमरीनर १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१० पर्यंत बनत होती. तिच्याच हयातीत भोके असलेली आणि नसलेली, अशा दोन्ही केस निघाल्या. मधे चेनमध्येही बदल झाला होता. पूर्वी चेनचा लगांमध्ये बसणारा टोकाचा तुकडा पत्रा वाकवून केलेला, पोकळ असे. २००० च्या सुमारास सबमरीनरला भरीव तुकडा आला. हा तुकडा लगांमध्ये इतका घट्ट बसतो की आतून हत्यार घालायला फट जवळजवळ उरतच नाही. म्हणजे चेन काढणे ज्या काळात अवघड झाले, नेमक्या त्याच काळात ती सोपेपणाने काढायची वाटही बंद झाली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा उलटा क्रम आहे. त्याचे पटणारे स्पष्टीकरण दिसण्यातच सापडते. लगची बाजू एकसंध चकचकीत किंवा सलग घासलेली दिसली की घड्याळ हत्याराच्या रांगेतून उठून दागिन्याच्या रांगेत बसते, आणि त्या वर्षांत रोलेक्सचा सगळा कल तिकडेच होता.

पण भोक असले की घड्याळ कमी प्रतीचे दिसते, या समजाला पुराव्याचा आधार नाही. ग्रँड सेकोचे ‘स्नोफ्लेक’ म्हणून ओळखले जाणारे टायटॅनियमचे घड्याळ घ्या. झारात्सु पद्धतीच्या आरशासारख्या पॉलिशसाठी ही कंपनी जगभर वाखाणली जाते, आणि तरीही त्या घड्याळाच्या लगांवर आरपार भोके आहेत. जिथे सपाटी आणि धार यांत केसाइतकीही चूक खपवून घेतली जात नाही, तिथल्या कारागिरांना या चार भोकांची अडचण वाटलेली नाही. कडा नीट मोडलेले, गोल, स्वच्छ भोक हे उणे काम नसते. ते दिसते आणि चांगले दिसते.

भोक नसण्याची किंमत चुकवावी लागते ती वापरणाऱ्याला. पट्टा बदलताना दुबेळक्याच्या टोकाचे हत्यार चेन आणि लग यांच्या मधल्या फटीत सरकवून पिनेची कड मागे ओढायची असते. हत्यार निसटले की लगच्या आतल्या बाजूला ओरखडा उमटतो. दुसऱ्यांदा निसटले तर लगच्या खालच्या पाठीवर. वापरलेल्या कोणत्याही बिनभोकाच्या घड्याळाची चेन काढून पाहिली तर या ओरखड्यांचा एक पंखा बहुतेक दिसतोच. त्यात त्या काळच्या रोलेक्सचा केस क्रमांक सहाच्या बाजूच्या दोन लगांमध्ये आणि मॉडेल क्रमांक बाराच्या बाजूला कोरलेला असे. २००० च्या दशकाच्या मध्यानंतर केस क्रमांक काचेच्या आतल्या कड्यावर गेला. जुने घड्याळ तपासायचे तर चेन काढावीच लागते, आणि ती बिनओरखडा काढायची वाट म्हणजे हे भोक.

दुसरा प्रश्न गंजाचा. स्टेनलेस स्टीलला गंज लागत नाही, कारण त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे तो खरचटला तरी पुन्हा भरून येतो. मात्र जिथे फट इतकी अरुंद की ओल आत शिरते पण ऑक्सिजन पुरेसा पोचत नाही, तिथे हा थर भरून येत नाही. घामातले किंवा समुद्राच्या पाण्यातले क्लोराइड तिथे साचत जाते आणि स्टीलला खड्डे पडू लागतात. पिनेचे टोक आणि भोकाची भिंत यांच्यामधली जागा अगदी अशीच फट आहे. रोलेक्सने १९८५ पासून घड्याळांच्या केससाठी ९०४एल हे स्टील आणले. त्यात निकेल आणि मॉलिब्डेनम नेहमीच्या ३१६एलपेक्षा जास्त असल्याने ते क्लोराइडला अधिक काळ दाद देत नाही. तरी फट ती फटच. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या दमट हवेत वर्षभर घामेजलेल्या मनगटावर राहणाऱ्या घड्याळाच्या पिना काढल्या की तपकिरी चिकट राप निघतो, तो इथूनच. आरपार भोकातही तो साचतो, हे मान्य. पण ते बारीक ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धुऊन काढता येते. अर्धवट भोकात मळ तळाशी ठासला जातो. गंजून अडकलेली पिन आरपार भोकातून बाहेरून ठोकून काढता येते. अर्धवट भोकात तिचा कोंब तुटून राहिला तर तो काढणे हे नाजूक आणि वेळखाऊ काम होऊन बसते.

इथवर उपयोगाचे झाले. पण भोकाचे खरे मोल भिंगाखाली कळते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन आरपार भोकाचा काठ पाहावा. कारखान्यातून आलेल्या, कधीही पॉलिश न झालेल्या केसवर भोक नेमके गोल असते, त्याचा काठ स्पष्ट आणि ठाशीव असतो, आणि लगच्या बाजूवर घासलेल्या रेषा त्या काठापर्यंत सरळ येऊन थांबतात. बफच्या चाकाखाली गेलेल्या केसवर हे चित्र पालटते. कापडी चाक मऊ असते. भोकापाशी आले की ते किंचित आत दबते आणि काठाचा धातू अधिक खाते. मग भोकाचा काठ गोलसर, बशीसारखा खोलगट होतो, कधी पॉलिशच्या दिशेने थेंबासारखा ओढला जातो. दुसरी खूण अंतराची. भोकाचे मध्य आणि लगची वरची कड यांतले अंतर, भोकाचे मध्य आणि लगचे टोक यांतले अंतर, ही कारखान्याने ठरवलेली असतात. केस वारंवार पॉलिश झाली की कड खाली येते, टोक आखूड होते. भोक मात्र होते तिथेच राहते. त्यामुळे ते जणू कडेकडे सरकल्यासारखे दिसते. १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या सबमरीनरच्या लगांवर वरच्या बाजूने तिरकी कापलेली जी अरुंद चकचकीत कड असे, ती पॉलिशमध्ये सर्वांत आधी नाहीशी होते. ती गेलेली असेल तर किती धातू गेला याचा अंदाज उरतो तो या अंतरांवरूनच. सर्वेक्षणातल्या पक्क्या खुणेच्या दगडासारखे हे भोक आहे. भोवतालची जमीन किती खचली ते त्याच्यावरून मोजता येते.

आता बुजवणे म्हणजे काय ते पाहू. चांगला कारागीर आधी यंत्र, काच, रबरी सील, चावी द्यायचा मुकुट सगळे काढून केस रिकामी करतो आणि भोक आतून खरवडून स्वच्छ करतो. मग मानवी केसाच्या काही पट जाड अशी बारीक तार भोकावर धरून लेसरच्या झटक्यांनी ती थेंबाथेंबाने वितळवतो. आतल्या अंगाला पिनेपुरती खोली राखावी लागते, नाहीतर पिनच बसणार नाही. भरलेला धातू किंचित उंच ठेवून मग तो घासून सपाट केला जातो, आणि सपाट करायचा म्हणजे लगची पूर्ण बाजू घासावी लागते. एवढाच ठिपका घासला तर तिथे खळगा पडतो. तार केसच्याच मिश्रधातूची नसेल तर रंगात सूक्ष्म फरक राहतो. वेल्डमध्ये हवेचे बारीक फुगे राहिले तर पॉलिशनंतर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे उघडे पडतात. काम उत्तम झाले तर उघड्या डोळ्यांना काहीच कळत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप नेमका या यशस्वी कामावर आहे. वाईट बुजवणे निदान स्वतःची चुगली करते. चांगले बुजवणे मात्र खुणेचा दगड उपटते आणि तो कधी तिथे होता हेही पुसते. शिवाय बाजू घासल्यामुळे कडा, कोन, रेषा सगळे नव्याने रेखले जाते. ज्या केसवरून पन्नास वर्षांचा हिशेब वाचता आला असता, ती कोरी होऊन बसते.

मिलसबच्या बाबतीत हे किती गंभीर होते ते पाहण्यासारखे आहे. लष्करी सेवेतून बाहेर पडल्यावर यांपैकी कित्येक घड्याळांच्या पक्क्या दांड्या कापून काढल्या गेल्या, कारण नव्या मालकाला चेन घालायची होती. दुसरीकडे साध्या ५५१३ क्रमांकाच्या सबमरीनरला दांड्या आणि लष्करी काटे बसवून तिला मिलसब म्हणून विकण्याचे प्रकारही झाले, कारण किमतीत जमीनअस्मानाचा फरक आहे. खरे कोणते आणि सजवलेले कोणते, हे ठरवताना तज्ज्ञ ज्या जागा भिंगाखाली पाहतात त्यांत लगची भोके येतात. दांडी कशी बसवली होती, जोडाचा अंश आत उरला आहे का, कापल्याची खूण जुनी आहे की ताजी, हे तिथे दिसते. तिथे लेसरने भर घातली आणि बाजू घासून काढली तर खऱ्या मिलसबनेही आपली साक्ष गमावली. जे केले ते सौंदर्यासाठी केले, फसवण्यासाठी नव्हे, असे मालक म्हणेल आणि ते खरेही असेल. पण पुढच्या खरेदीदारासमोर पुसलेली साक्ष हेतू सांगत नाही.

या बाबतीत आपल्या मुंबईचे नाव जगभरच्या संग्राहकांत फारसे चांगल्या अर्थाने घेतले जात नाही. जुनी स्विस आणि एचएमटी घड्याळे घेऊन त्यांच्या तबकड्या भडक रंगांत नव्याने रंगवायच्या, केस बफवर चकचकीत करायच्या आणि ती जुनी म्हणून विकायची, या प्रकाराला ‘मुंबई स्पेशल’ असे नावच पडले आहे. त्या कारागिरांचे हात कुशल आहेत, आणि बंद पडलेले घड्याळ त्यांच्यामुळे पुन्हा चालते. पण चालणारे घड्याळ आणि अस्सल घड्याळ हे दोन वेगळे दावे आहेत. तबकडी रंगवली की निदान अक्षरांच्या जाडीवरून ते ओळखता येते. बफिंगने खाल्लेली केस भोकाच्या काठावरून ओळखता येते. युरोप-अमेरिकेतल्या अत्याधुनिक लेसर कार्यशाळेत भोक बुजवून घेतलेली महागडी केस यांतली दुसरी खूणही शिल्लक ठेवत नाही. मुंबईच्या गल्लीतल्या कामाला नावे ठेवणाऱ्यांनी त्या कामालाही तीच कसोटी लावायला हवी. किमतीत किती शून्ये आहेत यावर प्रामाणिकपणाचे माप बदलत नाही.

यावर पहिला आक्षेप मालकीचा. घड्याळ माझे, पैसे माझे, मग मला न आवडणारे भोक मी का ठेवू? या आक्षेपाचे सर्वांत बळकट उदाहरण मार्लन ब्रँडोचे आहे. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या चित्रपटाच्या वेळी या अभिनेत्याने आपल्या रोलेक्स जीएमटी-मास्टरची बेझेल, म्हणजे काचेभोवतीची कडी, काढून टाकली आणि पाठीवर स्वतःच्या हाताने नाव कोरले. तेच बिनबेझेलचे घड्याळ डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १९ लाख ५२ हजार डॉलरना गेले. फेरफारानेही मोल वाढू शकते, याला यापेक्षा ठळक पुरावा नको. पण तो फेरफार कसा होता ते पाहा. तो लपवलेला नव्हता. बेझेल नाही हे लांबूनही दिसते, आणि नाव खरवडलेले आहे हे कोणीही वाचू शकतो. ब्रँडोने घड्याळाच्या नोंदीत स्वतःची एक ओळ घातली. भोक बुजवणारा आधीची ओळ खोडतो. मालकाचा हक्क दोघांनाही आहे. पण टिकणारे घड्याळ एका मालकाच्या आयुष्यात संपत नाही, आणि नंतरच्याला फसगतीच्या वाटेवर सोडून जाण्याचा अधिकार मालकीतून निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. भोक बुजवणे वाईट असेल तर नवे पाडणे चांगले कसे? दोन्हींत मूळ केस बदलतेच. आकड्यांत पाहू. समजा भोकाचा व्यास १.३ मिलिमीटर आणि अर्धवट भोकाच्या पुढे लगचा १.५ मिलिमीटर धातू उरला आहे. तो पार करताना जाणारा धातू सुमारे २ घन मिलिमीटर, म्हणजे स्टीलच्या घनतेने १६ मिलिग्रॅम; चार भोकांचे मिळून ६४. आता समजा त्याच घड्याळाच्या दोन बाजू, प्रत्येकी ४८ मिलिमीटर लांब आणि सरासरी ५ मिलिमीटर उंच, सर्व्हिसिंगच्या वेळी पॉलिश केल्या आणि फक्त ०.०५ मिलिमीटर थर गेला. हा धातू २४ घन मिलिमीटर, म्हणजे सुमारे १९० मिलिग्रॅम होतो. चार भोकांच्या तिप्पट. ड्रिलिंगला लोक मोडतोड म्हणतात आणि पॉलिशला सर्व्हिस म्हणतात, पण धातूच्या हिशेबात गोष्ट उलटी आहे. त्यापेक्षा महत्त्वाचे असे की पाडलेले भोक लपत नाही. ज्या मॉडेलला कारखान्यातून भोके नव्हती त्याच्यावर भोके दिसली की जाणकाराला ती तत्क्षणी कळतात. हा फेरफार स्वतःबद्दल खोटे बोलत नाही, आणि घड्याळाला एक काम अधिक नीट करता येऊ लागते.

तरी ते काम सोपे समजू नये. अर्धवट भोक आतून दिसते, पण ड्रिल घालावे लागते बाहेरून, कारण लगांमधल्या २० मिलिमीटरच्या जागेत ड्रिलचे डोके मावत नाही. म्हणजे न दिसणाऱ्या भोकाच्या नेमक्या रेषेवर बाहेरून नेम धरायचा. हातातल्या ड्रिलने हे करू पाहणारा केस वाया घालवतो. केस मिलिंग यंत्रावर पक्की बांधून, आतल्या भोकात पिन घालून तिच्यावरून मोजमाप घेऊन, आधी छोटी खूण पाडून मगच ड्रिल उतरवावे लागते. लगची बाजू थोडी तिरकी असली तर ड्रिलचे टोक घसरते. या जातीच्या स्टीलचा आणखी एक हट्टी गुण आहे: त्यावर बोथट टोक घासत राहिले, किंवा ड्रिल क्षणभर जागीच फिरत राहिले, तर तिथला धातू कठीण होतो. मग पुढे जाणारे टोक तिथेच तुटते, आणि सव्वा मिलिमीटरचे कार्बाइडचे तुटके टोक लगमध्ये अडकले की छोटी सुधारणा मोठ्या दुरुस्तीत बदलते. धारदार टोक, तेल आणि न थांबणारा संथ दाब, हा त्यावरचा उपाय. एक लग पार झाला की त्यातून सरळ पिन घालून समोरच्या भोकाशी रेष जुळते का ते पडताळता येते. बाहेर आलेली कड शेवटी हलकेच मोडायची आणि पिन निवडताना तिचे कोंब लगच्या बाहेर डोकावत नाहीत हे पाहायचे. काळा लेप दिलेल्या केसवर हे करू नये. भोकात उघडा धातू चमकतो. सिरॅमिकच्या केसचा तर विचारच नको.

ताकदीची शंकाही रास्त आहे. आरपार भोकाने लग कमजोर होतो का? भोकाच्या जागी लगचा छेद थोडा कमी होतो, हे खरे. पण जोराचा हिसका बसला की आधी वाकतो किंवा तुटतो तो पिनेचा बारीक कोंब, कारण त्याच्या मानाने लगचा उरलेला धातू कितीतरी जास्त असतो. अनेक दशके आरपार भोकांच्या डायव्हर घड्याळांनी खोल पाण्यात काम केले आहे, हाच त्याचा मोठा पुरावा.

कंपनी आणि कायदा यांचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. बाहेर फेरफार केलेल्या घड्याळाची हमी संपते, आणि कंपनीचे सेवा केंद्र असे घड्याळ हातात घ्यायला नकार देऊ शकते. ड्रिल करण्याआधी हे मनाशी धरावेच लागते. अमेरिकेतल्या न्यायालयांनी १९९९ च्या मिशेल कंपनीच्या खटल्यात आणि जानेवारी २०२४ च्या बेकरटाइमच्या खटल्यात, रोलेक्सचे नाव ठेवून परके भाग किंवा जडवलेले हिरे घालून विकलेल्या घड्याळांना नकली ठरवले. पण हे दोन्ही वाद लगच्या भोकांचे नव्हते, आणि रोख विक्रीवर होता. मालकाने स्वतःच्या मनगटासाठी केलेल्या बदलावर नव्हता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्येच, दुरुस्त करून विकलेल्या स्पार्कप्लगांच्या प्रकरणात, माल दुरुस्त केलेला आहे हे ठळक लिहिले असेल तर मूळ नाव ठेवायला हरकत नाही, असे म्हटले होते. कायद्यालाही जे खुपते ते मुख्यतः न सांगितलेले फेरफार.

म्हणून ड्रिल करायचे ते कोणते घड्याळ, हे नेमके सांगता येते: अजूनही मोठ्या संख्येने बनणारे किंवा बाजारात विपुल असलेले, लेप नसलेले, स्टीलचे, आणि मालक स्वतः वारंवार पट्टा बदलतो असे. जुने, दुर्मिळ, किंवा ज्याची केस मुळाबरहुकूम उरली आहे ते घड्याळ या यादीत येत नाही. तिथे पिनेची दोन्ही टोके एकदम दाबणारा चिमटा आणि लगवर चिकटवलेली टेप पुरेशी आहे. बर्जनसारख्या स्विस हत्यारकंपन्या असे चिमटे करतात आणि त्यांची किंमत एका पॉलिशपेक्षा फारशी नाही. कारखानेही पट्टा बदलण्याची सोय परत आणू लागले आहेत. व्हॅशरॉन कॉन्स्टँटिनने २०१६ च्या ओव्हरसीजमध्ये आणि कार्टिएने २०१८ च्या सँटोसमध्ये हत्याराशिवाय पट्टा बदलण्याची यंत्रणा दिली. उलट ट्युडरने २०२१ मध्ये फ्रेंच नौदलासाठी केलेल्या पेलागोस एफएक्सडीमध्ये दांडी केसच्याच टायटॅनियममधून कोरून काढली. तिथे पिनही नाही आणि भोकही नाही.

बुजवण्याला माझ्या मते एकच अपवाद आहे. वर्षानुवर्षे सैल पिन हलत राहिली की भोक लंबगोल होते, भिंत पातळ पडते आणि घड्याळ खरोखरच मनगटावरून पडण्याची भीती असते. अशा वेळी भोक लेसरने भरून त्याच मूळ जागी, त्याच व्यासाचे, पुन्हा आरपार पाडणे ही दुरुस्ती आहे. तिथेही बाजू पूर्ण घासू नये. भरीपुरतेच हात चालवावे आणि बारीकसा खळगा राहिला तर राहू द्यावा. काम सुरू होण्याआधी चारही लगांची भिंगातून छायाचित्रे घ्यावीत, कोणत्या भोकात किती भर घातली आणि कोणती तार वापरली ते कारागिराकडून लिहून घ्यावे, आणि तो कागद सर्व्हिसच्या पावत्यांबरोबर घड्याळाच्या डब्यात ठेवावा. पुढच्या मालकाने किंमत विचारण्याआधी तो त्याच्या हातात पडायला हवा.